हातावरचा उतारा

नाशिक, २२ जून १९९९

सुला,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून लिहीत नाही. फोन करत नाही, कारण तुमचा फोन ओटीवर आणि त्याच्याशेजारी तुझ्या सासूबाईंची खाट. अंबूबाईंना ऐकवायचं असेल तेव्हा फोन करीन.

निवृत्त झाल्यावर मी काय करते असं तू विचारलंस. डबा घेऊन हिंडते. आमच्या गंगापूर रोडला अंध मुलींचं एक सदन आहे, तेजस्विनी सदन. त्यांना घरोघर देणगी गोळा करायला माणसं हवी होती, मी नाव दिलं. पत्र्याचा डबा, त्याला कुलूप, गळ्यात ओळखपत्र. जन्मभर वर्गात मुलींना गप्प बसवलं, आता स्वतः दारोदार बोलत सुटले आहे.

बरोबर रूपाली असते. सदनातलीच मुलगी, अठरा-एकोणीसची, दिंडोरीकडची, जन्मापासून अंध आणि जिभेने तिखट. टेलिफोन ऑपरेटरचं शिकते आहे. मुलींना असं दारोदार नेणं मला पटलं नव्हतं. सदनाचे सेक्रेटरी कारभारी मोगल म्हणाले, "बाई, मुलगी बरोबर असली की डबा भरतो." कारभारी हे त्यांचं पाळण्यातलं नाव, आणि ते नावाला जागतात. रूपालीला विचारलं तर म्हणाली, "येते ना बाई. त्याच चार भिंती बघून बघून कंटाळा आला." वर स्वतःच हसली.

लोक देतात. कसे देतात ते ऐक. काल एका बंगल्यात बाईंनी नोट काढली, तापाने फणफणलेल्या मुलाला उचलून बाहेर आणलं, नोट त्याच्या डोक्यावरून ओवाळली, "इडापिडा टळो" म्हणाल्या आणि मग डब्यात टाकली. वर रूपालीला सांगितलं, "आता सरळ जा गं, मागे वळून बघू नको." रूपाली म्हणाली, "मला मागं काय नि पुढं काय, मावशी." शिकलेली बाई, दारावर नवऱ्याच्या नावाखाली डिग्र्यांची रांग. अगं, हा देणगीचा डबा आहे, तीन वाटा फुटतात त्या तिकाटण्यावरचा धोंडा नव्हे, की आपल्या घरातली पीडा त्यावर टाकली आणि पळालं. रूपालीने तर डब्याचं नावच म्हसोबा ठेवलं आहे. "बाई, आज म्हसोबा जड हाय."

आता मुद्द्याचं. वैशाखात लग्नात तुझ्या नातीला पाहिलं. वेदिकाला दिसत नाही, सुला. "नजर जरा कमी आहे" हे तुम्ही पाहुण्यांना सांगा, मला नको. साडेतीन वर्षांची पोर, दिवसभर खांबाला टेकून बसवलेली, कोणी बोलत नाही, कोणी शिकवत नाही. सदनात बालवाडी आहे. मुंबईहून शिकून आलेल्या चांगल्या बाई आहेत. वेदिका माझ्या घरी राहील, मी नेआण करीन. ललित तिचा बाप आहे, त्याच्याशी बोल आणि कळव.

ताई


निफाड, ५ जुलै १९९९

प्रतिभाताई,

पाया पडते. तुझं पत्र दुपारी आलं, सासूबाई झोपल्या होत्या म्हणून बरं.

तू म्हणतेस ते मला का कळत नाही? पण घरात एकटी माझीच सत्ता असती तर गोष्ट वेगळी. ललित म्हणतो, पोरीला अंधांच्या शाळेत घातली की गावभर शिक्का बसेल, उद्या पाठच्या भावंडांची लग्नं कशी व्हायची. अजून पाठचं भावंड नाही, पण त्याचा विचार तिथवर गेला आहे.

सुनेचं तर विचारू नकोस. पंच्याण्णवच्या दिवाळीत ग्रहण होतं, तेव्हा तिला दिवस गेलेले. सासूबाई म्हणतात, हिने ग्रहणात विळीवर खोबरं चिरलं, म्हणून पोरीचे डोळे गेले. सून शपथ घेऊन सांगते की ती अंथरुणावरून हलली नव्हती. मग खोबरं कोणी चिरलं? सासूबाईंना त्या दिवशी करंज्यांचं सारण हवं होतं, ते मी चिरलं, ताई. पण मी गरोदर नव्हते ना.

सासूबाईंनी त्र्यंबकला एका बुवांना पत्रिका दाखवली आहे. ते म्हणाले, उपाय आहे. काय ते मला अजून सांगितलेलं नाही. एक मात्र चांगलं झालं. तुझ्या सदनाबद्दल मी जेवताना बोलले, तर सासूबाई एकदम म्हणाल्या, "त्या आंधळ्या मुलींसाठी आपण काहीतरी करू." ललितपण हो म्हणाला. मला बाई नवल वाटलं.

वेदिका बोलते हं खूप. काल मला म्हणाली, "आजी, तुझ्या बांगड्या आज कमी वाजतात." एक फुटली होती.

सुला


नाशिक, १२ जुलै १९९९

सुला,

तू खोबरं चिरलंस, सून आडवी पडली होती आणि डोळे गेले वेदिकाचे. हे शास्त्र मला तरी कॉलेजात कोणी शिकवलं नाही. तुझ्या सासूबाईंसमोर एकदा तोंड उघडून "खोबरं मी चिरलं" एवढं तीन शब्दांचं वाक्य बोलशील? सून चार वर्षं ते पाप डोक्यावर घेऊन भाकरी थापते आहे. किळस येते मला.

इथे वेगळं काही नाही. शनिवारी सातपूरला गेलो, पाळी सुटायच्या वेळी. कामगार बरे, घाईत देतात, पुढे जातात. पण एका वर्कशॉपचा मालक वाटीत तेल घेऊन आला. त्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि रूपालीला म्हणाला, "हात पुढे कर." साडेसाती आहे म्हणे. मी म्हटलं, "शनीचं देऊळ बघा एखादं." तर म्हणतो, "देवळात रांग असते." रूपालीने हात पाठीमागे घेतला आणि म्हणाली, "शेठ, डोक्याला लावा, केस गेलेत तुमचे." त्याने दचकून टाळूवर हात फिरवला. हिला कसं कळलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "साडेसाती म्हणजे चाळिशीचं माणूस असणार. अंदाजानं मारला."

मोगल मला म्हणाले, तेल घ्यायला हवं होतं, स्वयंपाकाला चाललं असतं.

अंबूबाईंना अंध मुलींसाठी काही करायचं असेल तर घरातल्या अंध मुलीपासून सुरुवात करा. बालवाडीत एक जागा आहे, ती मी धरून ठेवली आहे. फार दिवस धरता येणार नाही.

ताई


निफाड, ३० जुलै १९९९

प्रतिभाताई,

रागावू नकोस. एक आनंदाची गोष्ट आहे.

ललितने मनावर घेतलं आहे. येत्या ११ ऑगस्टला, अमावास्येला, आम्ही सगळे जीपने नाशिकला येतो. सासूबाई, ललित, सून, वेदिका आणि मी. उतारा बरोबर आणतो. सासूबाईंची इच्छा आहे की तो सदनातल्या एखाद्या मुलीच्याच हातात द्यावा, ऑफिसात नको. तू तेवढी व्यवस्था कर. संध्याकाळ होईल.

वेदिकाच्या बालवाडीचं त्यानंतर बघू, असं ललित म्हणाला आहे. आधी एवढं पार पडू दे. मी पुढे काही लिहीत नाही, पोस्टाची वेळ झाली.

सुला


नाशिक, ३ ऑगस्ट १९९९

सुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझ्या हातून कौतुक सहज निघत नाही, पण ललितला सांग, मावशीला अभिमान वाटला. सदनाला जागेची किती अडचण आहे हे मी मोगलांकडून रोज ऐकते. मुलींना हातमागाची शेड टाकायला जमीन नाही. तुमचा चांदोरी रस्त्याकडचा तुकडा आहे का तो? बागेचा नसेलच. गट नंबर आधी कळवलात तर मोगल वकिलांशी बोलून ठेवतील. उतारा चालू वर्षाचा असू दे आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत तेही बघा, मागाहून भानगडी नकोत.

त्या दिवशी ग्रहण आहे. अर्धं नाशिक दारं लावून बसणार. तुम्ही नेमका तोच दिवस निवडलात, याचा मला फार आनंद झाला. त्या घरातलं ग्रहण सुटलं असं समजते.

कागद रूपाली घेईल. मोगल हार आणणार आहेत, मी नको म्हटलं तरी.

ताई


नाशिक, १३ ऑगस्ट १९९९

सुला,

तू तिथे होतीस. तरी लिहिते, कारण तू पदर कपाळाच्या खाली ओढून घेतला होतास आणि तुला काही दिसलं नाही असं तू उद्या म्हणशील.

सदनाच्या पायरीवर मोगल हार घेऊन उभे होते. कमिटीचे दोघे कडक इस्त्रीत. रूपालीला मी नवा ड्रेस घालायला लावला होता. तिला समजावलं होतं, एक कागद देतील, तो घ्यायचा आणि आभार मानायचे. ग्रहण सुटलं, तुमची जीप आली. ललित उतरला. मान खाली. अंबूबाई उतरल्या. त्यांनी काळ्या कापडाचं गाठोडं रूपालीच्या हातावर ठेवलं.

रूपाली म्हणाली, "बाई, जमिनीचा कागद ओला कसा?"

मी हे वाक्य मरेपर्यंत विसरणार नाही.

तिने गाठ सोडली. दहीभात, नारळ, काजळ फासलेली कापडाची बाहुली, टाचण्या टोचलेलं लिंबू. टाचणी तिच्या बोटात गेली. ती बोट तोंडात धरून उभी राहिली आणि मग विचारलं, "कोणावरनं उतरवलाय?"

अंबूबाई म्हणाल्या, "नातवाच्या पोरीवरून. घे बाई. तुझं आधीच गेलेलं आहे, तुला आणखी काय होणार?"

"ते बी खरंच," रूपाली म्हणाली. "दोनदा आंधळं होता येत नाय, आजी. पोर कुठं हाय? जीपमध्ये? तिला जरा खाली उतरवा, बोलते तिच्याशी."

वेदिकाने आतून हाक ऐकून "मी इथे आहे" म्हटलं. तेवढंच. सुनेने तिच्या तोंडावर हात ठेवला, अंबूबाई ओरडल्या, "चला, वळून बघायचं नाही!" आणि तुम्ही सगळे गेलात. तूही गेलीस. मी तुला नावाने हाक मारली, सुला. उतारा टाकल्यावर मागे पाहायचं नसतं, म्हणून तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी काय तिकाटणं आहे?

मोगलांनी हार परत पुडीत बांधला. मग पावतीपुस्तक काढून पावती फाडली: वस्तुरूप देणगी, नारळ एक, इतर. मी म्हटलं, हे काय करता? म्हणाले, "बाई, आलेलं नाकारायचं नाही, हा संस्थेचा नियम आहे."

रूपालीने गाठोडं स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकलं आणि हात धुतले. रात्री जेवली नाही. मला वाटलं, दुखावली. तर म्हणाली, "ती पोरगी लय गोड बोलली ओ बाई. तिला काय करतील आता ते?"

हेच मीही विचारते आहे. वेदिकाला पाठव. नाहीतर पत्रं पुरे.

प्रतिभा


निफाड, १ सप्टेंबर १९९९

प्रतिभाताई,

तू नुसतं प्रतिभा म्हणून सही केलीस. मी पत्र चुलीत घातलं, मग परत आठवून आठवून सगळं मनात वाचलं.

फसवायचं माझ्या मनात नव्हतं. उतारा म्हणजे उतारा, ताई. मी अमावास्या लिहिलं, मुलीच्या हातात लिहिलं, संध्याकाळ लिहिलं. कोण जमिनीचा कागद अमावास्येला संध्याकाळी आणतं? तुझं पत्र आलं तेव्हा मीच बुचकळ्यात पडले. गट नंबर कशाला हवा असेल? वाटलं, संकल्पात गोत्र सांगतात तसा सांगावा लागत असेल. ललितला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी शिकलेली आहे, काहीतरी असेल." म्हणून मी जीपमध्ये गट नंबर पाठ करत बसले होते. हसू नकोस. किंवा हस.

मागे पाहिलं नाही, कारण सासूबाईंनी माझा दंड धरला होता. आणि सासूबाईंनी धरला नसता तरी पाहिलं असतं का, मला माहीत नाही. माझ्या मनात होतं, की जावं ते दुखणं त्या मुलीकडे. आमची एकच आहे. हे मी तुला लिहिते आहे, दुसऱ्या कोणाला बोलणार नाही.

वेदिकाला अजून दिसत नाही. सासूबाई रोज सकाळी तिच्या तोंडापुढे समई धरतात आणि विचारतात. पोरीला आता कळलं आहे की "दिसतं" म्हटलं की पणजी खूश होते. ती म्हणते, "दिसतं." ऊब लागते तिकडे बोट दाखवते.

आणि शाळेचं. तुमच्या सदनाच्या दारावर पाटी लागली आहे म्हणे, अमावास्येला आणि ग्रहणाला दान घेतलं जाईल अशी. आमच्या गावचे दोघे जाऊन आले. मग मी माझी पोर तिथे का पाठवू? लोकांची पीडा हातावर घ्यायला? तू मोठ्या तोंडाने आम्हाला बोललीस, आणि तुझ्या कारभाऱ्यांनी पावती फाडली.

सुला


नाशिक, ११ सप्टेंबर १९९९

सुला,

पाटी आहे. तू लिहिलंस ते खरं आहे.

मी डब्याचं काम बंद केलं. मोगलांना सांगितलं, मुलींना पीडा उचलायला बसवणार असाल तर मी दारोदार जाऊन लोकांना देऊ नका असं सांगेन. ते शांतपणे म्हणाले, "बाई, रोजचं जेवण तुमच्या रागावर शिजत नाही." कमिटीत मी एकटी विरोधात. गेल्या अमावास्येला पायरीवर मुलींना ओळीने बसवलं होतं, हात पुढे करून. रूपाली बसली नाही, तर तिला सुट्टीत घरी पाठवण्याची धमकी. दिंडोरीला तिचं कोणी राहिलेलं नाही.

किळस हा शब्द मी फार वापरते, असं तू म्हणशील. दुसरा सापडत नाही.

बालवाडीच्या बाई मात्र चांगल्या आहेत, आणि त्यांचा वर्ग मागच्या बाजूला आहे. एवढंच मी खरं सांगू शकते. बाकी तू ठरव.

ताई


निफाड, १० ऑक्टोबर १९९९

प्रतिभाताई,

काल सर्वपित्री होती, त्यात शनिवार. आमच्याकडे पानं मांडायची गडबड. मी चुलीपाशी, सून वाढायला. वेदिका ओट्यावर.

बाहेर कोणीतरी बोलतंय असं वाटलं म्हणून गेले. शेजारची नवसाबाई. तिचा नातू आजारी आहे. तिच्या हातात काळं फडकं. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काय नाय वैनी, नाशिकला जायला कुठं सवड हाय. म्हटलं, तुमच्या घरातच हाय की आंधळी पोर. शेजाऱ्याला एवढं तरी करा."

मी उत्तर द्यायच्या आत, ताई, वेदिकाने हात पुढे केला. दोन्ही. ओंजळ केली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी जीपमध्ये बसून तिने सगळं ऐकलं होतं. आणि म्हणाली, "द्या. माझं आधीच गेलेलं आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं.

मी ते फडकं नवसाबाईच्या अंगावर भिरकावलं. ती तोंडात येईल ते बोलत गेली, गल्लीतले सगळे जमले. मग मी वळले आणि सगळ्यांसमोर सासूबाईंना म्हटलं, "खोबरं मी चिरलं होतं." का ते तेव्हा म्हटलं, माहीत नाही. तेच तोंडात आलं. सून पानं तशीच टाकून माजघरात जाऊन बसली आणि मोठ्याने रडली. सासूबाई जेवल्या नाहीत.

ललित अजून नाही म्हणतो. मी त्याला सांगितलं, "तू नाही म्हण, मी निघते." तुझी ती पाटी असो की नसो. तिथे निदान तू आहेस. इथे मी चार वर्षं असून काय केलं.

बुधवारी आम्ही दोघी येतो. सून डबा करून देणार आहे.

सुला


नाशिक, १२ ऑक्टोबर १९९९

सुला,

हे पत्र सिन्नरच्या भाच्याबरोबर पाठवते आहे, तो निफाडवरूनच पुढे जाणार आहे. पोस्टावर विसंबले तर तुम्ही आधी पोचाल.

या. मी स्टँडवर असेन. रिक्षावाल्यांशी तू बोलू नकोस, मी बोलेन.

पाटी काल मी खिळ्यांसकट उपटून काढली. मोगलांनी आज दुसरी लावली. ती उद्या काढीन. त्यांना रंगाऱ्याचे पैसे पडतात, मला काही पडत नाही. अमावास्येला मुली पायरीवर बसू नयेत म्हणून बालवाडीच्या बाई आणि मी त्या दिवशी आतून कडी लावून वर्ग घेणार आहोत, मोठ्या मुलींचासुद्धा. मोगल दार ठोठावतील. ठोठावू देत.

तुझं पत्र रूपालीला वाचून दाखवलं. ओंजळीपर्यंत येऊन मी थांबले, तेव्हा तिनेच "पुढं वाचा" म्हणून दटावलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तिला आल्या आल्या अक्षरं नका शिकवू. ती नंतर. पहिला धडा मी घेणार."

म्हटलं, "कोणता?"

"हातावर कोणी काय ठेवायला आलं, की आधी विचारायचं, काय हाय ते. आणि नको असलं, की मूठ मिटायची. पोरीला मूठ मिटता येत नाय अजून. ती शिकवते मी."

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघा.

ताई